चंद्रामागून ‘पोचलीस ने?’

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवते. सिल्वासाजवळच्या रांध्याच्या शाळेत. कुणाच्या अंगात आलं, कुणाला वडाखाली काही दिसलं, असल्या गोष्टी मुलं घेऊन आली की मी त्यांची यथेच्छ हजेरी घेते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. खोटं कशाला बोलू.

आम्ही सिल्वासात आमलीला राहतो. मी आणि माझा नवरा विनायक. मुलगी मृण्मयी नोकरीला बडोद्यात. विनायक मूळचा दापोलीचा, इथे सरकारी ऑफिसात. आवाज असा खणखणीत, की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत निवेदन दरवर्षी त्याचंच. दीड वर्षापूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून तो फोनवर टाइप करून बोलतो.

आणि आमच्याकडे त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही! व्हॉइस मेसेज होते ते जुन्या फोनबरोबर गेले. लग्नाच्या कॅसेटवर सनईच सनई. मंडळाच्या लोकांनी गणपतीचे व्हिडिओ दिले, तर त्यात नेमके मुलांचे नाच. मी वेड्यासारखी शोधत होते. नवरा समोर बसलाय आणि मी त्याच्या आवाजासाठी रडतेय, हे कुणाला सांगायचं?

घरी बसून विनायकने एक नाद लावून घेतला. अंतराळ मोहिमांची जुनी रेकॉर्डिंग्ज इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली असतात — उलटी मोजणी, यानातली माणसं, जमिनीवरून त्यांना दिलेल्या सूचना, उपग्रहांची टिकटिक. ती जोडून, मधे पेटी वाजवून, त्याने अख्खा अल्बम करायला घेतला. उड्डाणापासून परत येईपर्यंतचा प्रवास. स्वतःचा आवाज गेलेला माणूस दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कापत-जोडत बसायचा. मला बघवायचं नाही, पण तो खुश होता.

यान चंद्राच्या मागे गेलं की पृथ्वीशी संपर्क तुटतो. टेपवर नुसती खरखर. विनायकने ती तशीच ठेवली होती, पेटीचा एक सूरही नाही. लोकांना वाटेल स्पीकर बिघडला, असं मी चिडवलं, तर म्हणाला — म्हणजे टाइप केलं — वाटू दे.

मृण्मयी आली होती त्या रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही तिघं पहिल्यांदा अल्बम सलग ऐकायला बसलो. मी शेंगा निवडत होते. खरखर सुरू झाली आणि तिच्यातून, अगदी स्वच्छ, बारीकसा खाकरून, विनायक बोलला.

“पोचलीस ने?”

हे ‘ने’ समजावून सांगायला हवं. ऑफिसात गुजराती बोलून बोलून विनायकच्या मराठीत ‘ना’च्या जागी ‘ने’ शिरला होता. जेवलीस ने, झालं ने. मी कितीदा टोकलं असेल. मी शाळेत पोचले की त्याचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य हेच. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत.

मृण्मयी पांढरीफटक पडली. माझ्या मांडीवरचं सूप खाली गेलं, शेंगा घरभर. आणि विनायक? तो आमच्याकडे बघत बसला. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्याने टाइप केलं की हे मी घातलेलं नाही, कोण आहे हा माणूस?

त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. म्हणे माझा आवाज जाड होता. आपण आपला आवाज डोक्याच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून रेकॉर्ड केलेला परका वाटतो. हे मी दरवर्षी शिकवते. पण त्या दिवशी मी खाली बसून शेंगा वेचत राहिले.

मृण्मयीने तिच्या फोनवर मोहिमेची तीच मूळ फाइल इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेतली. तिच्यातही त्याच जागी “पोचलीस ने?” विनायकच्या जन्माआधीचं रेकॉर्डिंग ते!

त्यानंतर घाबरून ते बंद करायला हवं होतं ना? मी रोज ऐकायला लागले. शाळेतून आले की चहाच्या आधी ते. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. अनोळखी माणसाचा आवाज म्हणून विनायकला तो तुकडा काढून टाकायचा होता. मी हात लावू दिला नाही.

मग तो दिवस. उन्हातून तापून आले होते, बसमध्ये उभी राहून. दार उघडंच होतं, आत विनायक अल्बम लावून बसला होता. मी चप्पल काढत होते, डोक्यात उद्याचे पेपर. आतून आवाज आला, “पोचलीस ने?”

मी वर न बघता म्हणाले, “हो रे, पोचले.”

इतक्या वर्षांची सवय. बस्स. पण टेपवरच्या त्या आवाजाला मी आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं, हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

चहा ठेवून पुन्हा लावलं, तर नुसती खरखर. मागे-पुढे करून बघितलं. काही नाही. मृण्मयीला फोन केला. तिने तिच्याकडची फाइल लावली. तिच्याकडेही खरखरच. मी जमिनीवर बसून हमसून हमसून रडले.

विनायक शेजारी येऊन बसला. तो आवाज आपला आहे हे त्याला तर कधी पटलंच नव्हतं. त्याने टाइप करून फोन माझ्यासमोर धरला. लिहिलं होतं, “त्याला उत्तर मिळालं. मग परत कशाला विचारेल?”

आवाज टेपवर आला कसा, गेला कसा, तिघांना एकदमच भास झाला का, मला काहीही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा. मी रोज शाळेत पोचते, फोन हातात धरून थोडा वेळ उभी राहते आणि मग वर्गात जाते.