आप्पांची पथरी

सकाळी न्हाणीत गेले तर बादलीत एक करडा दगड बुडवून ठेवलेला. मुलाचे उद्योग. बेळगावातल्या ऑफिसांत त्याच्या वयाची पोरं हल्ली एकेक नाद धरतात. याने वस्तऱ्याने दाढी करायचा धरलाय आणि त्यासाठी धारेचा दगडही ऑनलाइन मागवलाय. पाण्यातून बुडबुडे येत होते आणि ओल्या दगडाचा तो गार, जरासा मातकट वास न्हाणीभर पसरला होता. मी दात घासायचेच विसरले. हा वास माझ्या वडिलांचा, आप्पांचा.

आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते. सोमवार आणि शनिवार सोडून रोजची दाढी ते घरीच करत, स्वतःच्या वस्तऱ्याने. वस्तऱ्याच्या दगडाला ते पथरी म्हणत. शेवाळी रंगाची, तळहाताएवढी. तिच्यावर वस्तरा आडवा टेकवायचा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या, आणि हलक्या हाताने धारेकडून पुढे न्यायचा. परतवताना पाठीवर उलटायचा, धारेवर कधीच नाही. मग खिडकीच्या गजाला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे चामाटीवर, उलट्या दिशेने घासत पलाटायचा. पथरीला तेल वर्ज्य, नुसतं पाणी. कुणी विळी घेऊन तिच्या आसपास दिसलं तर घरात महाभारत! एवढे लाड आम्हा पोरांचे झाले असते तर आम्ही कुठल्या कुठे पोचलो असतो.

म्हातारपणी त्यांचा हात कापू लागला. मी तेव्हा त्यांच्याजवळच राहत होते, आई गेल्यानंतरची गोष्ट. त्यांना सलूनमध्ये पाठवलं. तिथे आता मोडून अर्धं केलेलं ब्लेड अडकवून काम चालतं. गळ्यावर ओरखडे घेऊन परत आले आणि म्हणाले, "त्यो वस्तरा न्हवं, पत्रा हाय पत्रा." पुन्हा गेले नाहीत. दाढी वाढत गेली. आमच्याकडे पुरुषाने दाढी वाढवायची ती सुतकात. एकदा आरशासमोर उभे राहिले आणि मला विचारलं, "कोण मेलंय गं आपल्यात? का मीच?" तेव्हापासून त्यांनी दारात बसणं सोडलं. कुणी भेटायला आलं की झोपल्याचं सोंग घेत. जेवणही दोन घासांवर आलं.

मी म्हटलं, मी करते तुमची दाढी. त्यांनी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. "आदी पथरी बघ जा," एवढंच बोलले.

पथरी काढली तर कापऱ्या हाताने एकाच जागी घासून घासून मधोमध खोलगट झालेली. अशा दगडावर वस्तरा सपाट बसत नाही. पुण्याला असलेल्या धाकट्या भावाला मी सहज फोन केला, "आप्पांची पथरी लई खराब झालीया रं," आणि रेंज गेली. पुण्यात मुतखड्यालाही पथरीच म्हणतात, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून स्वारी थेट दारात. बेळगावला डॉक्टरची वेळ घेऊन, वडिलांचे कपडे भरायला पिशवी घेऊन. "किती दिवस दुखतंय, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माज्या पोटात न्हाय रं बाबा. तिच्या हातात हाय पथरी."

मोरीतल्या कडप्प्यावर वाळू ओली करून मी ती घासतच होते. तिघेही डोळ्यांत पाणी येईतो हसलो. पण हसू ओसरल्यावर भाऊ गंभीर झाला. "आक्का, ह्ये नको. जरा हात हलला तर? मी मशीन आणून देतो." त्याचं काही चुकत नव्हतं. मलाही तीच भीती होती. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले. मग तसेच, मान न वळवता म्हणाले, "घास गं तू."

मी घासलं. दगडावर पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं, पुन्हा मारायच्या. कडेच्या रेघा लगेच जातात, मधल्या खड्ड्यातल्या हटत नाहीत. त्या गेल्या की दगड सरळ झाला. नंतर धार लावली, मनगटावरचा केस उडतो का पाहिला, पलाटलं.

रविवारी आप्पांना पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसवलं. भाऊ तुरटी आणि कापूस घेऊन शेजारी, चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. गाल झाले. हनुवटी झाली. गळ्यापाशी आले आणि माझा हात थांबला. त्या सैल पडलेल्या कातडीखाली एक शीर उडत होती. आप्पांनी स्वतःच मान मागे टाकली.

वस्तरा टेकवला आणि घोरणं ऐकू आलं. भाऊ खुणेने विचारत होता, उठवू? मी मानेनेच नको म्हटलं आणि तशीच उभी राहिले. साबण सुकत चालला होता.

आप्पांना जाऊनही आता बराच काळ लोटला. त्यांचा आवाज आठवायला हल्ली थोडं थांबावं लागतं. तुझ्यावर विश्वास आहे, असं आयुष्यात मला पुष्कळांनी सांगितलं. आप्पांनी कधीच नाही सांगितलं. ते त्या सकाळी नुसते झोपले.