मथुराबाईच्या छातीतलं डुक्कर

बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात मथुराबाई वांगी विकते आणि घासाघीस करणाऱ्याला तोंडावर शिव्या देते. गेल्या उन्हाळ्यात शिव्या अर्ध्यातच तुटायला लागल्या. दम पुरेना. एका बाजारी तर ती वांग्यांच्या ढिगावरच कोसळली.

मुलगा पंकज तिला नागपूरला घेऊन निघाला. शेजारीण म्हणून मीही गेले, कारण हा पोरगा डॉक्टरसमोर नुसती मान हलवतो.

डॉक्टर वृषालीनं कागदावर हृदय काढून दाखवलं. झडपेवर चुन्यासारखा थर साचलाय, ती उघडतच नाही. कापून नवी बसवायची, नाहीतर फार दिवस नाहीत. धातूची घेतली तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या. मथुरा कुंकू विसरत नाही, गोळी मात्र रोज विसरते. उरली जनावराची. गाईची, नाहीतर डुकराची.

"गाईचं तं नावच काढू नको," मथुरा कडाडली. "अन् डुक्कर छातीत घेऊन नवरात्रात देवीची ओटी कशी भरू? त्यापक्षा मेलेली बरी."

पंकज रडायच्या बेतात. चहा आला. मथुरानं तो बशीत ओतून फुरका मारला आणि पोराकडे वळली.

"रानडुकरायनं आपला भुईमूग किती खाल्ला रे?"

"लय खाल्ला, आई."

"मंग एक झडप देली तं काही उपकार करून नाही राह्यले. बसव वं पोरी. पन आंदी धुऊन घे."

"धुतोच, मावशी," वृषाली हसली. "ती औषधात ठेवलेली असते, म्हणून मिठाच्या पाण्यातून तीनदा खळबळून काढतो. मग हृदयात गोल टाके घ्यायचे, तेच दोरे झडपेच्या कडेतून ओवायचे, ती दोऱ्यांवरून हळूच खाली सरकवायची आणि गाठी मारायच्या."

"तवर माह्यं काळीज काय करन?"

"ते थांबवून ठेवू. त्याचं काम मशीन करेल."

"तोंडासाठी नाही का अशी मशीन, मॅडम?" पंकजला तेवढ्यात कंठ फुटला.

मथुरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "टिकन किती?"

"दहा-पंधरा वर्षं."

"पुरे. मंग मीच कंटाळीन."

ऑपरेशन नीट झालं. नवरात्रात ती ओटी घेऊन देवळात आली, तर दारात उत्तमराव. किराण्याचं दुकान आणि देवळाचं पंचपण, दोन्ही त्यांच्याकडेच.

"मथुराबाई, पोटात तसलं घेऊन गाभाऱ्यात..."

"पोटात नाही, छातीत हाये. पोटात तं तुमच्या दुकानातली डाळ हाये, खड्यासकट."

मागच्या बायका फिस्सकन हसल्या.

"तसं नाही, देवीले चालन का म्हून इचारलं."

"तिच्यापाशी वाघ बसते. थो काय पालक खाते?"

उत्तमरावांनी दार अडवायला हात पसरले. मथुरा त्यांच्या पायावर पाय देऊन केव्हाच आत गेली होती, आणि मागची अख्खी रांग तिच्या पाठोपाठ.