धनेशचं दीड मिनिट

डोंबिवलीशेजारच्या कोपरला कुठेही मांडव पडला की आसपास धनेश असणार हे धरून चालावं. मांडव, खुर्च्या, दिवे, आवाज, सगळं त्याचंच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो येतो, स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "फाटतंय. कमी कर." पोरं कमी करतात. झालं, त्या दिवसाचं त्याचं निम्मं बोलणं संपलं. माझी त्याची वीस वर्षांची ओळख, पण तो माझ्याशी जेवढं बोललाय तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल.

हा माणूस एके काळी एका बँडचा ड्रमर होता, हे त्याच्या मुलीलासुद्धा परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

बँडचं नाव भडक कंपनी. आम्ही तिघं होतो. मी बेस गिटार वाजवायचो, खरं म्हणजे नुसती धरायचो. गाणारा आणि गिटार वाजवणारा स्वानंद. एकांकिका स्पर्धांमध्ये वाढलेला हा मुलगा रिक्षाच्या रांगेतसुद्धा रंगमंचावर प्रवेश घेतल्यासारखा यायचा. त्याला पंकची धावती गिटार हवी होती आणि नाटकाचा थाटही हवा होता. म्हणून आम्ही चेहऱ्याला पांढरा रंग फासायचो, डोळ्यांखाली काजळाचे ओघळ काढायचो आणि पौराणिक नाटकातले भरजरी अंगरखे घालायचो. तेही डोंबिवलीच्या मे महिन्यात. ड्रमरसाठी त्याने सगळं शहर पालथं घातलं आणि शेवटी कोपरच्या एका हळदीत, नाचाची गाणी वाजवणाऱ्या बेंजो पार्टीबरोबर ताशा वाजवणारा धनेश त्याला सापडला. वाजवताना धनेशची जीभ तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायची. स्वानंदला वाटलं, काय अभिनय आहे.

आमचा पहिला आणि एकुलता एक अल्बम म्हणजे 'पडदा अडकला'. प्राथमिक फेरीतच बाद झालेला एक नट रिकाम्या सभागृहात आपली एकांकिका करतच राहतो, अशी ती नऊ गाण्यांची गोष्ट. शेवटच्या गाण्यात नट जिवाच्या आकांताने ओरडत असताना कुणीतरी दिवे घालवतं. ब्लॅकआउट. गाणं तिथेच तुटायचं आणि पुढे नुसती शांतता. या शांततेवर स्वानंदचा फार जीव होता. सगळा अल्बम त्याने तिच्यासाठीच लिहिला होता म्हणा ना.

वर्तकनगरच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही तो एका दिवसात केला, तिघांनी एकदम वाजवून. धनेशची आई, मालनकाकी, भाकऱ्या आणि सुकटीचा डबा घेऊन आली होती. पोरगा उपाशी राहील ही काळजी. दिवसभर ती रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडे बसून होती. शेवटचं गाणं सुरू झालं तेव्हा स्टुडिओची वेळ संपत आली होती, पुन्हा घेण्याची सोय नव्हती. आणि नेमकी तेव्हा मालनकाकी उठली, पदर कमरेला खोचला आणि नाचायला लागली.

आता धनेशच्या पार्टीचा एक नियम होता. त्याच्या बापाने, काळुरामकाकाने घालून दिलेला. घरची बाई नाचायला उतरली की ती आपणहून थांबेपर्यंत ताल तोडायचा नाही. ब्लॅकआउटची जागा आली, स्वानंदचा हात खाली पडला, आणि धनेश वाजवतच राहिला. निव्वळ हळदीचा ठेका. मी गोंधळून त्याच्यामागे वाजवत गेलो, स्वानंदही चरफडत गिटार बडवत राहिला. दीड मिनिटाने काकी दमून खुर्चीत बसली तेव्हा धनेश थांबला.

स्वानंदची पाठ काचेकडे होती. काकी फक्त धनेशला आणि मला दिसली होती.

अल्बम निघाला त्या कार्यक्रमात स्वानंदने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, "हा बँड आहे धनेश, लग्नातला बेंजो नाही." आईचं नाव मध्ये आणायचं नव्हतं धनेशला. त्याने ड्रम सुटे केले, टेम्पोत घातले आणि निघून गेला. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. भित्रा होतो, दुसरं काय. बँड तिथेच संपला आणि धनेश पुन्हा ड्रमवर बसला नाही. हळदीत ताशा मात्र वाजवत राहिला.

गंमत म्हणजे अल्बम काही संपला नाही. सीड्या गेल्या, पेनड्राइव्ह गेले, पण 'पडदा अडकला' एका कॉलेजमधून दुसऱ्यात फिरत राहिला. एकांकिकेतून बाद झालेली पोरं तो ऐकून रडायची आणि शेवटच्या दीड मिनिटात उठून नाचायची. आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत ते गाणं वाजवणारी पोरं तो ठेकासुद्धा वाजवतात, ठोक्याला ठोका लावून. आमच्यापैकी कुणाला ही कल्पना सुचली, असं कुणी विचारलं की मी विषय बदलायचो.

बारावीतली कल्पिता, धनेशची मुलगी, मैत्रिणीच्या फोनवर तो अल्बम ऐकत होती. मुखपृष्ठावर तीन रंगवलेली भुतं. त्यातल्या एकाची जीभ डावीकडून बाहेर आलेली. तिने घरी येऊन फोन बापासमोर धरला. "पप्पा, हे तुम्ही?" धनेश म्हणाला, "जेवलीस काय?" तिला उत्तर मिळालं.

तिच्याच कॉलेजने आम्हाला बोलावलं. अठरा वर्षांनी तिघं एकत्र. सरावाची जागा म्हणजे धनेशचं गोदाम. मांडवाच्या कापडांखालून निघालेले तेच ड्रम. स्वानंद आता चष्मा लावतो आणि हळू बोलतो. त्याने अगदी जपून विचारलं, "ह्या वेळी ब्लॅकआउटला थांबशील ना रे?"

"थांबेन," धनेश म्हणाला.

त्या महिन्यात तो रोज एकटा ती एकच जागा घोटत होता, असं कल्पिताने मला सांगितलं. आपल्याला थांबता येतं, एवढंच त्याला एकदा दाखवून द्यायचं होतं. अठरा वर्षं हे त्याच्या मनात सलत होतं. मला राहवलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी स्वानंदला काचेपलीकडची सगळी हकिगत सांगितली.

त्याने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

दुपारी चारचा कार्यक्रम. सभागृह पोरांनी भरलेलं, निम्म्यांचे चेहरे पांढरे. पहिल्या रांगेत कल्पिता आणि मालनकाकी. काकीचे गुडघे गेलेत, ती काठी घेऊन चालते. शेवटच्या गाण्याला मात्र ती उठली. एका हातात काठी, दुसरा हात नातीच्या खांद्यावर, आणि पाय जागच्या जागी ठेका धरून. धनेशने तिला पाहिलं. मी धनेशला पाहिलं. ब्लॅकआउट आला, दिवे गेले, आणि धनेश थांबला. केसाचाही फरक नाही. स्वानंदला अठरा वर्षं हवी होती ती शांतता सभागृहात पसरली.

त्या शांततेत फक्त एक आवाज येत होता. काठीचा. ठक, ठक. काकी थांबली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवून काय करू.

"दिवे लावा," स्वानंद माइकवर म्हणाला. दिवे आले. तो प्रेक्षकांकडे पाठ करून ड्रमपाशी गेला. धनेश ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून खाली मान घालून बसला होता.

"धनेश," स्वानंद म्हणाला, "काकी नाचतायत. थांबलास कशाला?"

धनेशने वर पाहिलं. त्याची जीभ डाव्या कोपऱ्यातून हळूच बाहेर आली.