गावाला गेलेले शेजारी

आचोळ्यातील आमच्या इमारतीत मूळचे या भागातले असे एकच बिऱ्हाड होते. बाकी आम्ही कोकणातून, देशावरून किंवा मुंबईच्या चाळींतून आलेलो. मे महिन्यात इमारत रिकामी होई. निघताना प्रत्येक जण तळमजल्यावरच्या त्या बिऱ्हाडातील गृहस्थांकडे किल्ली देई, कारण ते कोठेही जात नसत. त्यांचे गाव आगाशी, बसने अर्ध्या तासावर. ते सर्वांच्या तुळशींना पाणी घालीत. परतलेले लोक त्यांच्या हातावर कोकम, काजू ठेवीत. ते आभार मानीत नसत, वास घेऊन म्हणत, "चांगलं हाय."

दर वर्षी कोणीतरी विचारी, "काका, तुम्ही गावाला कधी?"

"सकाळी जातो, जेवायला परत येतो," ते म्हणत.

एका वर्षी त्यांनी किल्ल्या घेण्यास नकार दिला. वळकटी, पेटी आणि पत्नी यांसह ते रिक्षात बसले. "गावाला चाललो, महिनाभर," एवढेच बोलले.

"पोचल्यावर पत्र टाका, काका," वरच्या मजल्यावरून मालवणचे शेजारी ओरडले. इमारत हसली.

जूनमध्ये ते परतले आणि प्रत्येक दारी सुकेळ्यांची एक पुडी देऊन गेले. उन्हात वाळवलेली ती केळी फार गोड होती.

"घरची का?" मी विचारले.

"आमच्या वाडीतली. वाडी भावांनी बिल्डरला दिली. पावसाळा सरला की केळीची झाडं तोडनार."

मी पुडी पुन्हा बांधू लागलो.

"ठेवू नका, मास्तर, आताच खा," ते म्हणाले. "गावचं म्हनून आनलंय."