गळती थांबली त्या दिवशी

लग्न करून मी या वसाहतीत आले तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळत होता. नवऱ्याला सांगितलं, तर हे मोजपात्र घेऊन आले. नळाखाली धरलं, घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "कालच्याइतकंच आहे. काळजीचं कारण नाही."

"अहो, नळ दुरुस्त करून हवाय मला. त्याची तब्येत नाही विचारली!"

ह्यांना त्यात विनोद दिसला नाही. प्लंबर शेवटी मीच बोलावला. माझ्या तोंडाचा पट्टा तेव्हापासून चालू आहे, आणि ह्यांचं बोलणं थेंबाथेंबाने.

आमचे हे धरणावर कामाला. धरण म्हटलं की लोकांना वरचे दरवाजे आणि फेसाळतं पाणी आठवतं. ह्यांचं काम खाली, धरणाच्या पोटात. भिंतीच्या आतून एक लांब बोगदा जातो, त्याला गॅलरी म्हणतात. तिथे जमिनीत बसवलेल्या नळ्यांतून पाणी झिरपत असतं. ते रोज मोजायचं. वसाहतीतली पोरं ह्यांना थेंबेकाका म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आयाही.

एकदा मला तिथे नेलं होतं. गार, ओलसर, जिकडेतिकडे टपटप. मी ह्यांची बाही धरली. "अहो, हे तर गळतंय!"

"गळणारच. अजिबात न गळणारं धरण मी तरी पाहिलं नाही," हे म्हणाले. "पायाखाली शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी, म्हणून या नळ्या आपणच ठेवल्यात. पाणी वाढलं तर कळवायचं, गढूळ आलं तर कळवायचं, आणि अचानक कमी झालं तर धावत जाऊन कळवायचं."

"कमी झालं तर चांगलंच की."

"कमी झालं म्हणजे संपलं असं नाही. नळीचं तोंड चुन्याने बुजलेलं असतं. पाणी आतच असतं आणि खालून जोर करतं."

एवढं लांब भाषण मी ह्यांच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं.

मागच्या वर्षी माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. पोटातून एक बारीक नळी काढून कॉटखालच्या बाटलीत सोडली होती. आत साचणारं लालसर पाणी तिच्यातून बाहेर यायचं. हे वॉर्डात शिरले की आधी बाटली बघायचे, मग मला. "बाटलीशीच लग्न लावायचं होतं," असं मी म्हटलं की माझी नणंद तोंडाला पदर लावून हसायची. तीच दिवसभर माझ्याजवळ असायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटलीत काहीच आलं नाही. हे हरखून गेले. "थांबलं! गळायचं थांबलं!" अख्ख्या वॉर्डात बिस्किटं वाटली, नातेवाइकांना फोन केले. सिस्टर म्हणाल्या, "सकाळी डॉक्टर बघतील, मग नळी काढायची का ते ठरेल." माझं पोट तेव्हा जड व्हायला लागलं होतं. पण ऑपरेशन झाल्यापासून ज्या माणसाला घास गोड लागला नव्हता, तो हसत होता. त्याच्या आनंदावर विरजण कशाला घालायचं, म्हणून मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले. तिथे काय झालं ते मला ह्यांच्या सोबत्याने नंतर सांगितलं. रोज धार धरणाऱ्या एका नळीला जेमतेम थेंब होता. सोबती म्हणाला, "चला, एक तरी सुकली!"

"सुकली नाही रे, तुंबलीय," हे म्हणाले. आणि तोंड उघडंच राहिलं. "वर कळव," एवढं बोलून मोजपात्र त्याच्या हातात कोंबलं आणि पायऱ्यांकडे पळत सुटले. जन्मभर जे दुसऱ्यांना शिकवलं, ते बायकोच्या कॉटखाली दिसलं नव्हतं. काखेत कळसा, दुसरं काय!

हे वॉर्डात आले ते डोक्यावर हेल्मेट, पायात चिखलाचे गमबूट अशा अवतारात. "सिस्टर, पाणी कमी झालंय. कळवायला आलोय."

नणंद म्हणाली, "अरे दादा, कालच तर बिस्किटं वाटलीस!"

"चुकलं माझं. तुंबलंय ते."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि मी ओरडलेच. अंगात ताप होता. डॉक्टर लगेच आले. "नळीत गुठळी अडकलीय. आत साचत चाललंय. लवकर कळलं ते फार बरं झालं. नळी मोकळी झाली तर ठीक, नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा उघडलं तर मी त्यातून उठणार नाही, असं मला मनातून वाटत होतं. डॉक्टर सुई नसलेली सिरिंज लावून हळूहळू नळी मोकळी करत होते. हे कॉटखाली डोकं घालून बाटलीकडे बघत जमिनीवर बसले होते. बराच वेळ काही आलं नाही.

मग म्हणाले, "आलं." आणि थोड्या वेळाने, "चालू झालं." आणि त्या अवतारात, सगळ्यांदेखत, हुंदके देऊन रडायला लागले.

शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी घाबरून नणंदेला विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही, वहिनी गळायला लागली म्हणून आनंद झालाय. धरणावर असतो तो."

माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी डोळे पुसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाटली सोडून माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून दुखत होतं?"

"काल संध्याकाळपासून."

ह्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "काल मी एवढी बिस्किटं वाटली, एवढे फोन केले, आणि तू मला एक टोमणासुद्धा मारला नाहीस. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

मी आज हे सांगायला आहे ते त्या माणसामुळे. डॉक्टरांचे, सिस्टरांचे उपकार आहेतच, आणि धरणातल्या त्या बुजलेल्या नळीचेही. आता घरात मी जरा वेळ गप्प बसले की हे असतील तिथून येतात, दारातून डोकावतात आणि विचारतात, "सगळं ठीक ना?" मग मीही कामं बाजूला ठेवून, मनापासून, ह्यांना चांगले चार शब्द सुनावते.