जावईबापूंचे दोन ठोकळे

आमच्या सासुरवाडीला जावयाला कोणी नाही म्हणत नाही, आणि एवढ्या एकाच कारणाने एका धडधाकट गाडीची मागची बाजू कामातून गेली.

सासुरवाडी भिवापूरची. तिथे मी भर मे महिन्यात म्हटलं की आज काही ऊन नाही, तर सासरे दुपट्ट्याने घाम पुसत म्हणतील, "नाही नं जवाईबापू, गारठाच हाय!" त्यात मी इंजिनिअर. म्हणजे डिप्लोमा. म्हणजे हिंगण्याच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. (कारखाना प्लास्टिकच्या बादल्यांचा. माझ्याकडे कड्या आहेत. कडी जोरात ओढायची, निघाली नाही तर पास. लग्नाच्या वेळी हे कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला त्रास दिला नाही.)

माझा साळा गजानन, म्हणजे आमचा गजू, याच्याकडे एक पिकअप आहे. भिवापूरहून मिरचीची पोती नागपूरला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. गेल्या दिवाळीत मी अंगणात खुर्ची टाकून चिवडा खात होतो आणि गजू पोती लादत होता. पोती चढली तशी गाडीची मागची बाजू खाली बसली. आता माल भरला की गाडी बसणारच; गाडीच काय, दिवाळीचा फराळ भरला की जावईसुद्धा बसतो. पण माझ्यातला इंजिनिअर उठला.

"गजू, मागून गाडी दबते आहे. मागच्या चाकांवरच्या पाट्यांखाली चार इंची लोखंडी ठोकळे बसव. मस्त उंच होईल."

गजूने डोकं खाजवलं. "भाऊजी, पाटे त ठीक हायेत नं?"

सासरे कडाडले, "काहून विचारून राहिला बे त्याईले? इंजिनिअर हायेत ते! बसव म्हनलं त बसव!"

तिसऱ्या दिवशी ठोकळे बसले. गाडी मागून उंच आणि पुढून वाकलेली, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी दिसायला लागली. अख्खा मोहल्ला पाहून गेला. मी आणखी एक वाटी चिवडा मागितला.

आणि मग धडधड सुरू झाली. गजूने गाडी जागेवरून उचलली, की मागून धड-धड-धड-धड! चढावर तर अशी, की मागच्याने हॉर्न वाजवायच्या ऐवजी हात जोडावे.

त्याचं असं आहे. मागची दोन चाकं ज्या आडव्या दांड्यावर असतात, तो दांडा पाट्यांना बांधलेला असतो. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या लोखंडी पट्ट्या. आमच्याकडे कमानीही म्हणतात. इंजिन चाकाला म्हणतं, फिर. चाक म्हणतं, ओझं जड आहे. या दोघांच्या भांडणात बिचारा दांडाच पिळवटतो, त्याच्याबरोबर पाटे सापासारखे वाकतात, झटक्याने सरळ होतात, पुन्हा वाकतात. दांडा आणि पाटे यांच्यामध्ये जितका उंच ठोकळा, तितका हा पीळ जास्त. हे मला आधी माहीत नव्हतं का? होतं! दुसऱ्या वर्षाला होतं. तो धडा मी ऑप्शनला टाकला होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण गजूचं लग्न जमायला आलं. मुलगी सावनेरची, प्रणाली. गजूला ती आवडली, तिला गजू आवडला, रोज तासभर फोन चालायचा. आणि मुलीचे वडील वामनराव काय करत असावेत? सावनेरला त्यांचं कमानीचं दुकान! चाळीस वर्षं हा माणूस ट्रकचे पाटे ठोकत आला होता. लांबून ट्रकचा आवाज ऐकून कोणता पाटा तुटला आहे ते सांगायचा म्हणे. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली तेव्हा त्यांनी गजूला एवढंच सांगितलं, "येताना तुमची गाडी घेऊनच या. पाहू द्या जरा."

गजूचा मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज गाडीपेक्षा जास्त धडधडत होता.

"भाऊजी, त्याईले गाडी पाहाची हाय! प्रणाली सांगून राह्यली, ते म्हनतात, ज्याले आपल्या गाडीचे पाटे सांभाळता येत नाही, तो माही पोरगी काय सांभाळन? काहीतरी करा भाऊजी. मले हेच पोरगी पाह्यजे."

माझी बायको वंदना शेजारीच भाजी निवडत होती. ती शांतपणे म्हणाली, "अवो, ते ठोकळे काढून टाका नं. झालं."

झालं कसं? ठोकळे काढायचे म्हणजे ठोकळे चुकले. ठोकळे चुकले म्हणजे जावई चुकला! मी तिला समजावलं की विज्ञानात मागे जात नाहीत, पुढे जातात. रात्रभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि उपाय सापडला. दोन्ही बाजूंना दांड्यापासून चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक-एक जाड पाइप लावायचा. दांड्याने पीळ घ्यायचा म्हटलं, तर पाइप त्याला घेऊ देणार नाही. परदेशातले लोक हेच करतात. (व्हिडिओ इंग्रजीत होता. मी अर्धा पाहिला.)

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी गजू हिंगण्याला गाडी घेऊन आला. आमच्या कारखान्याबाहेर शंकर वेल्डिंगवाला आहे. त्याने दोन्ही बाजूंचे पाइप मापून कापले आणि विचारलं, "साहेब, टोकाले रबराचा बुश टाकू का? पाइप हलाले पाह्यजे नं थोडा."

"हलायला?" मी हसलो. "अरे, हलू नये म्हणून तर लावतो आहोत! दोन्ही टोकं पक्की वेल्ड कर."

शंकरने खांदे उडवले आणि पक्की वेल्ड केली. गजूने गाडी उचलली. धडधड बंद! एकदम बंद! गजू भर रस्त्यात माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला.

दांडा नुसता पिळवटत नसतो, खड्डा आला की वर-खालीही होत असतो, आणि तेवढ्यासाठीच पाटे असतात, हा त्या व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग होता. आता दांडा चेसिसला खिळला होता. गाडीला पाटे होते, पण शोभेचे.

मी आणि वंदना रात्रीच बसने भिवापूरला पोचलो होतो. सकाळी तिथून सगळे निघालो. बायका मागच्या जीपमध्ये. पिकअपमध्ये पुढे गजू, मधे मी आणि खिडकीशी सासरे. सासऱ्यांच्या मांडीवर पाच किलोचा स्टीलचा डबा, त्यात सासूबाईंनी स्वतः कुटलेलं भिवापुरी तिखट, व्याह्यांसाठी.

"बाबा, डबा मागं ठेवू नं," गजू म्हणाला.

"भिवापूरचं तिखट मागं टाकून नेऊ? मानानं जाईन ते. मांडीवर."

उमरेडपर्यंत मला वाटलं की रस्ता खराब आहे. नागपूर आलं तेव्हा लक्षात आलं की रस्ता चांगला आहे. बारीकशी खाच आली तरी आम्ही तिघे एकदम उडायचो आणि एकदम बसायचो, कवायतीसारखे. सासऱ्यांची टोपी छताला लागून कपाळावर आली. तरी त्यांनी तक्रार केली नाही.

"बाबा, त्रास होऊन राहिला का?" मी विचारलं.

"छे छे! मजा येऊन राह्यली!" ते म्हणाले, आणि त्यांची कवळी वाजली.

सावनेर आलं. वामनरावांच्या गल्लीच्या तोंडाशी, मांडव समोर दिसत असताना, एक गतिरोधक होता. पुढची चाकं गेली. मागची चाकं गेली. आम्ही तिघे उडालो, डबा उडाला, आणि वरच्या वर डब्याचं झाकण निघालं.

पाच किलो! बंद खिडक्यांत! एका क्षणात गाडीच्या आत लाल संध्याकाळ झाली. मला गजू दिसेना, गजूला रस्ता दिसेना, सासरे दिसत नव्हते पण "मेलो रे बाप्पा!" ऐकू येत होतं. गजूने कचकन ब्रेक मारला. आम्ही काचा खाली केल्या आणि तीन डोकी तीन दिशांनी बाहेर काढली, म्हणजे दोन. मी मधे होतो.

मांडवातून लोक धावत आले. नवरदेव ढसाढसा रडतो आहे, त्याचा बाप रडतो आहे, मधला अनोळखी माणूस तर हमसून हमसून रडतो आहे! एक म्हातारी गहिवरून म्हणाली, "माय वं! पोरीकडचे रडताना पाह्यले होते, पोराकडचे पह्यल्यांदाच पाहून राह्यली."

प्रणाली पाण्याचा तांब्या घेऊन येताना गजूला अंधुक दिसली असावी. कारण त्याला एकदम वाटलं, असं गल्लीच्या तोंडाशी अडकून राहणं बरं नाही, गाडी ऐटीत मांडवापाशी न्यावी. गेटपाशी थोडा चढ होता. गजूने डोळे मिटूनच अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि क्लच सोडला.

आधी खण्णकन आवाज झाला. मग धड-धड-धड-धड! मांडवाच्या कनाती हलल्या. गाडी चार उड्या मारून बंद पडली, आणि आमच्या पक्क्या वेल्ड केलेल्या पाइपांपैकी एक सुटून उतारावरून गडगडत, कोणालाही न धडकता, नेमका एका माणसाच्या पायाशी जाऊन थांबला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. वामनराव.

त्यांनी पाइप उचलला. दोन्ही टोकं पाहिली. मग साक्षगंधाच्या कोऱ्या कपड्यांतच ते सरळ गाडीखाली गेले. दोनशे पाहुणे उभे. नुसतं "हं... हं..." ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा धोतराला ग्रीस होतं.

"पाटे चांगले हायेत," ते म्हणाले. "पन त्याईच्या खाली हे ठोकळे कोनं बसवले?"

भिवापूरची सगळी मंडळी आकाशाकडे पाहायला लागली. सासऱ्यांनी डोळे पुसण्याचं काम नव्याने हाती घेतलं. ठोकळ्यांचं नाव घेणं म्हणजे जावयाचं नाव घेणं, आणि तेही व्याह्यांच्या दारात!

गजू पुढे झाला. डोळे टोमॅटोसारखे, नाक गळतं आहे, नव्या कुर्त्यावर तिखट. "मीनं बसवले," तो म्हणाला.

"तुनं?"

"हो. माहीच अक्कल."

त्या पोराचं अख्खं लग्न या एका उत्तरावर टांगलेलं होतं आणि तो माझ्यासाठी खोटं बोलत होता.   पुढे माझा प्रामाणिकपणा आतून उफाळून आला असं सांगायला मला आवडेल. पण तो दंडावर आला, वंदनाच्या चिमट्याच्या रूपाने.

"मी!" मी ओरडलो. "ठोकळे मी सांगितले! पाइपसुद्धा मीच लावला! गजूचा काही दोष नाही."

वामनरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही काय करता, जवाईबापू?"

"इंजिनिअर," मी म्हणालो. दोनशे माणसं ऐकत होती. सासरे ऐकत होते. "म्हणजे... बादल्यांच्या कड्या पाहतो."

सासऱ्यांनी डोळे पुसणं थांबवलं.

वामनराव एवढे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "अवो, ठोकळ्याचं मले कवाचंच माहीत हाय! पोरीले यानं फोनवर सगळं सांगतलं, पोरीनं मले. मी त पाहून राहिलो होतो, का अडचणीत पडल्यावर हा पोरगा घरच्या मानसाले पुढं करते का पाठीशी घालते." मग गजूच्या पाठीवर थाप मारली, त्याबरोबर तिखट उडालं आणि तेही रडायला लागले. "गाडी मी दुरुस्त करीन गा. पोरगा दुरुस्त हाय."

साक्षगंध झालं. जेवणं होईपर्यंत वामनरावांच्या कारागिरांनी ठोकळे काढले, उरलेला पाइप कापला, पाट्यांत एक जाड पट्टी वाढवली आणि सगळे बोल्ट आवळले. "अन् क्लच हळू सोडत जाय," वामनराव गजूला म्हणाले, "पोरगी बाजूले बसली असन तवा त अजूनच हळू." निघताना सगळ्यांना आहेर झाले. मला दुपट्टा, टोपी, आणि लाल कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. घरी येऊन उघडलं. दोन ठोकळे. आता ते वंदनाने तुळशीच्या कुंडीखाली ठेवले आहेत; तिथे अजून धडधड नाही.

सासुरवाडीला माझा मान तसाच आहे. फक्त मागे त्यांचा पंखा कुरकुरत होता आणि मी स्टूल मागितलं, तर सासूबाईंनी लगबगीने चहा आणला, मग पोहे आणले, मग पंखाच बंद केला. तांत्रिक काम म्हणून आता माझ्याकडे एकच येतं. घरात नवी बादली आली की सासरे ती माझ्यासमोर ठेवतात, "जवाईबापू, जरा कडी पाहजा." मी ओढून पाहतो आणि पास करतो. गेल्याच महिन्यात अशी एक पास केली. दुसऱ्या दिवशी सासरे विहिरीवरून ओलेचिंब होऊन परतले, एका हातात नुसती कडी. माझ्याकडे पाहून म्हणाले, "कडी मस्त हाय, जवाईबापू! बादलीच तुटली."