दाजींचं कोरडं घर

अक्षय्य तृतीयेला, मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरात, दाजींनी अडतीस लाखांचा चेक लिहिला. हजर आम्ही चौघं: दाजी, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण आक्का, मी, आणि राजस्थानच्या वाळवंटात वसाहत बांधणाऱ्या कंपनीचा माणूस. रकमेत दाजींचा साखर कारखान्यातला फंड होता आणि हातकणंगल्याच्या शेतातला विकलेला वाटा. चेक हातात देताना दाजी म्हणाले, "घ्या पावणं. आता आमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाय." ते ऐकून खालचा किराणा दुकानदार भांडण कसलं चाललंय म्हणून जिना चढून वर आला.

दाजींचा आवाजच तसा होता. कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरच्या धडधडीत ड्रायव्हरांना हाका मारून तो तसा झाला, असं आक्का म्हणायची. त्यांच्या आईचं म्हणणं, पाळण्यातच तसा होता. फुटबॉलला त्यांची मंगळवार पेठ आणि आमची शिवाजी पेठ समोरासमोर आली की मी मुद्दाम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला बसायचो. तरी आमच्या गोलकीपरची आणि माझी लायकी मला तिथे स्पष्ट ऐकू यायची.

दर रविवारी ते आक्काला घेऊन नवीन इमारतींमधले नमुना फ्लॅट बघायला जायचे. हिशेब मला कळतो म्हणून मलाही न्यायचे, पण दर विचारायची वेळ क्वचितच येई. स्वयंपाकघराचा ओटा, बाल्कनी, लिफ्ट यांच्याकडे ते बघायचे नाहीत. आतल्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावायचे आणि डोळे मिटून थांबायचे. "वल हाय," म्हणायचे आणि चपला घालायचे. एकदा एका बिल्डरनं भिंत कोरडी असल्याचं शपथेवर सांगितलं. दाजी म्हणाले, "तुमी बोलू नका पावणं. भिंत बोलतीया."

आक्काला दमा होता. जूनपासून दिवाळीपर्यंत तिला आडवं होता येत नसे. दाजी अंथरुणात तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे, म्हणजे तिला टेकता यायचं. तेवढे सगळे महिने दोघं असे बसून झोपायचे. लग्नानंतर कित्येक वर्षं मला हे माहीतच नव्हतं. एकदा पुराच्या पाण्यामुळे त्यांच्याकडे अडकलो, तेव्हा पाहिलं. सकाळी दाजी मान चोळत म्हणाले, "उशी दमली तरी हलत न्हाय, एवढाच उशीत आन् माझ्यात फरक."

कोरड्या हवेत राहता आलं तर फार बरं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास त्या वसाहतीची जाहिरात आली. तलाव, क्लब, दुकानं, दवाखाना, सगळं आखून बांधलेलं. आम्ही तिघं जोधपूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे गाडीनं गेलो. दाजींनी भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. आक्का मात्र घरात थांबली नव्हती. ती फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली, आणि येताना मला शेजारणीच्या सुनेची हकिकत सांगत होती. सबंध हकिकत, मध्ये न थांबता. दाजी उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. घर तिथंच ठरलं.

संध्याकाळी मी दिवे मोजले. त्या घराच्या रस्त्यावर बारा घरं, उजेड दोन घरांत. मी दाजींना बाजूला घेऊन ते सांगितलं. माणसं थंडीत येतात, असं कंपनीचा माणूस म्हणाला होता. दाजी हसले. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामात येतात तसंच ते, म्हणाले.

दोघं राहायला गेल्यावर पहिल्याच थंडीत, सुट्टीला आलेल्या एका कुटुंबानं दाजींच्या आवाजाची तक्रार केली. फाटकावरचा चौकीदार बिचारा हात जोडून सांगायला आला. तेव्हापासून दाजी हळू बोलायला लागले. फोनवरही. पहिल्यांदा मला वाटलं, आजारी आहेत. एकदा मी मैदानात असताना त्यांचा फोन आला. सामना आमच्या दोन पेठांचाच होता. म्हणाले, "बोलू नको. नुसता फोन धर." मी हात उंच करून फोन धरला. अर्धा सामना संपला तरी त्यांनी फोन ठेवला नव्हता. कोण जिंकतंय तेही विचारलं नाही.

त्या रात्री मी त्यांना परत या म्हणालो. पावसाळ्याचं काय ते बघू, खोलीत यंत्र बसवू, असं बरंच बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती आडवी झोपती रे," ते म्हणाले. "सगळी रात."

तिसऱ्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून उठले आणि ओसरीत बसकण मारली. घाम फुटला, डावा हात धरून राहिले. आक्का बाहेर येऊन ओरडली. सगळी घरं कुलपात. दवाखान्यालाही कुलूप, हंगाम संपला की डॉक्टर जायचा. तशीच ती फाटकापर्यंत धावली. चौकीदारानं गावातनं जीप आणली, पण शहर लांब होतं. दाजी वाटेतच संपले.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. चौकीदाराच्या गावच्या माणसांनी खांदा दिला. एकालाही दाजींचं नाव माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत, मिरज मागे पडल्यावर, आक्का म्हणाली, "फाटकापातूर पळाले मी. दम लागला न्हाय मला."

आता ती आमच्याकडे, शिवाजी पेठेत असते. आल्यावर पहिल्याच पावसात तिचं आडवं होणं बंद झालं. आम्ही तिच्या पाठीमागे लोड लावतो.

घर कंपनीनं कमी किमतीत परत घेतलं. त्याआधी वर्षाची देखभाल भरायची होती, एकोणीस हजार चारशे. त्यात आरोग्य सेवेचे चार हजार होते. मी फोन करून विचारलं, जो डॉक्टर नव्हता त्याचे पैसे कसले? दोन दिवसांनी उत्तर आलं, की तेवढे माफ करू, फक्त दवाखान्याबद्दल आमची काही तक्रार नाही असं मयताच्या पत्नीनं लिहून द्यावं.

माझ्या हिशेबानं चार हजार वाचत होते. मी तसा कागद लिहून आक्कापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

"तक्रार हाय माझी," ती म्हणाली. मग श्वास येईपर्यंत थांबली. "पैसं भर त्यांचं. सगळं."

दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर मी एकोणीस हजार चारशे रुपये वसाहतीच्या देखभाल खात्यात भरले.